कुलाब्याचा अफगाण चर्च वॉक: चर्चला पाच स्टार, वॉकला ओढूनताणून अडीच

सरळ मुद्द्यावर येतो. माणशी सातशे रुपये भरून रविवारी सकाळी जो कुलाब्याचा हेरिटेज वॉक मिळतो, ज्याच्या जाहिरातीत अफगाण चर्चचा मोठ्ठा फोटो टाकलेला असतो, तो घ्यावा का? कॉजवेवर रमतगमत फिरायचं असेल, जुन्या बिल्डिंगांचे फोटो काढायचे असतील, मध्येच बनमस्का हाणायचा असेल तर जरूर घ्या. पण चर्च बघायचं म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, आपले आपण जा. कारण अख्ख्या सकाळीत चर्चच्या वाट्याला आली जेमतेम अर्ध्या तासाची वेळ आणि त्यातलाही बराचसा वेळ आम्ही दाराबाहेर उभे.

वॉकवाल्यांचं नाव लिहीत नाही. गाईड म्हणून आलेला मुलगा मनापासून बोलत होता, आवाज खणखणीत, म्हाताऱ्याकोताऱ्यांना सांभाळून घेणारा, त्याची काही चूक नाही, चूक प्लॅनिंग करणाऱ्याची आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते हे कळायला काय पंचांग बघावं लागतं? तरी ग्रुप नेमका प्रार्थनेच्या वेळेला दारात नेऊन उभा केला. आतून गाण्याचा आवाज येतोय आणि बाहेर आम्ही टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि कानात ते हेडफोन घालून ताटकळतोय. माझा हेडफोन तर कॉजवेवरच बंद पडला होता, बदलून मागितला तर "काका, जवळ उभे राहा, ऐकू येईल" हे उत्तर. दोघातिघांची आत शिरायची चुळबुळ सुरू झाली तेव्हा ग्रुपमधल्या दादरच्या एक मावशी म्हणाल्या, अहो आपल्याकडे आरती चालू असताना कोणी कॅमेरा घेऊन गाभाऱ्यात घुसलं तर चालेल का, थांबा की जरा. मावशींना माझ्यातर्फे वेगळे पाच स्टार.

एका अर्थी बरंच झालं म्हणा, कारण बाहेर थांबल्यामुळे इमारत चारी बाजूंनी नीट बघता आली. गाईडचं लक्ष इमारतीकडे नव्हतंच. हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं स्मारक, म्हणून त्याने सांगितली ती त्या युद्धातली इंग्रज फौजेची काबूलमधून माघार. 1842 चा जानेवारी, बर्फ, साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि बाराएक हजार नोकरचाकर, बायकापोरं निघाली, 13 तारखेला जलालाबादच्या किल्ल्यापाशी डॉक्टर ब्रायडन एकटा घोड्यावर पोचला वगैरे. गोष्ट खरी आहे, पोराने रंगवलीही छान. पण ती माघार घेणारी फौज मुख्यतः बंगालकडची, आणि हे चर्च उभं आहे मुंबईत. इथून गेलेली फौज गेली सिंधमार्गे, पहिल्या मोहिमेचा सेनापती जॉन कीन हा मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती होता आणि 1839 मध्ये अफगाणिस्तानातलं गझनी घेतलं ते त्याच्याच हाताखालच्या फौजेने. पुढे 1843 ला इंग्रजांनी सिंध गिळला. चर्चमधल्या स्मारकावर म्हणूनच फक्त अफगाणिस्तान नाही, सिंध आणि अफगाणिस्तान असं दोन्ही आहे, 1838 ते 1843. सातशे रुपयांत एवढं तरी यायला हवं होतं.

आता मला त्या इमारतीबद्दल जे सांगायचंय ते सांगतो, जन्म ड्रॉइंग बोर्डावर गेल्यामुळे माझं लक्ष तिकडेच जातं, कंटाळा आला तर शेवटच्या दोन पॅराग्राफवर उडी मारा.

नाव संत जॉनचं, लोकांच्या तोंडी अफगाण चर्च, सगळ्यांना वाटतं लष्करी स्मारक आहे म्हणजे काहीतरी भव्य, तोफाबिफा, विजयस्तंभ टाइप असणार. तसलं तिथे काही नाही. मनोऱ्याची उंची सोडली तर त्याची मांडणी सरळसरळ इंग्लंडमधल्या खेड्यातल्या चर्चची आहे. त्या काळात तिकडे एक खूळच भरलं होतं. 1839 ला केंब्रिजमध्ये कॅम्डेन सोसायटी म्हणून मंडळी जमली, त्यांचं म्हणणं असं की खांब आणि त्रिकोणी माथे लावून ग्रीक देवळासारखी चर्चं बांधणं बंद करा, खरं चर्च म्हणजे आपल्या खेड्यापाड्यातलं मध्ययुगातलं पॅरिश चर्च, म्हणजे गावचं चर्च, तसंच बांधा. त्यांचं मासिक निघायचं आणि कुठे कोण नवीन चर्च बांधतोय, त्यात काय चुकलंय यावर अक्षरशः सालटी काढायचे. दगड खोटा नको, प्लास्टर फासून दगड असल्याचा आव नको, वेदीचा भाग वेगळा आणि लांब दिसलाच पाहिजे, असे सगळे नियम. आणि हे नियम बोटीतून जगभर गेले, वसाहतींमध्येसुद्धा.

खेड्यातल्या चर्चची रचना एकदा डोक्यात बसली की कुलाब्यात काय चाललंय ते लगेच कळतं. इमारत पूर्वपश्चिम. पश्चिमेकडून लोकांची बसायची लांब जागा, म्हणजे नेव्ह, दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा आणि त्यापलीकडे अरुंद पट्टे, त्यांना आइल म्हणतात. पूर्वेच्या टोकाला कमानीपलीकडे चान्सेल, पाद्री आणि गायकांची जागा, आणि अगदी शेवटी वेदी. सभामंडप आणि गाभारा हे आपल्याला कोणी वेगळं शिकवायला लागत नाही, त्यामुळे आपण पटकन पकडतो. तिकडच्या खेड्यात तर या दोन भागांच्या डागडुजीचा खर्चसुद्धा वेगळा असायचा, चान्सेलचं छप्पर गळलं तर जबाबदारी रेक्टरची, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याची, आणि नेव्ह गळला तर गावाने वर्गणी काढायची. आपल्या सोसायटीत टेरेस कोणाची आणि गळती कोणाच्या घरात यावरून होणाऱ्या जनरल बॉडीची आठवण झाली ना? तिकडे हे भांडण काही शतकं चाललंय. कुलाब्याचा चान्सेल 50 फूट लांब आणि 27 फूट रुंद आहे, म्हणजे नुसती नावाला खोली काढलेली नाही, केंब्रिजवाल्यांना हवा तसा ऐसपैस.

आधी डिझाइन मागवलं होतं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटकडून. हा तिकडचा मोठा माणूस, आपल्या युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर पुढे त्याचाच. पण त्याचं डिझाइन इथल्या बजेटमध्ये बसेना म्हणून बारगळलं आणि काम गेलं हेन्री कॉनिबेअरकडे. कॉनिबेअर कोण, तर मुंबईचा इंजिनियर. म्हणजे आर्किटेक्ट म्हणून गाजलेला वगैरे नाही, नळ-गटारांचा माणूस. मुंबईला नळाने पाणी पहिल्यांदा मिळालं ते विहार तलावातून, 1860 साली, आणि ती योजना याच गृहस्थाची. 1854 ला पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरी आटल्या, बाहेरून रेल्वेने पाणी आणायची पाळी आली, त्यानंतर सरकार हललं. एकीकडे कॉनिबेअर विहारचा बांध आणि पाइपांच्या मागे आणि दुसरीकडे कुलाब्यात तेराव्या शतकातल्या इंग्लिश पद्धतीच्या टोकदार कमानी चढतायत, एकाच डोक्यात दोन्ही. वॉकमध्ये यातलं एक अक्षर आलं नाही. नळ सोडला की ज्याची आठवण काढायला हवी तो माणूस, त्याचं नावसुद्धा नाही घेतलं.

पायाभरणी झाली 4 डिसेंबर 1847 ला, गव्हर्नर जॉर्ज क्लार्कच्या हस्ते. चर्च वापरात आलं 7 जानेवारी 1858 ला, बिशप हार्डिंगने विधी केला. तारीख बघा, 1857 नुकतंच होऊन गेलंय, उत्तरेत अजून लढाई चालू आहे, आणि इथे मेलेल्यांचं स्मारक खुलं होतंय. आणि आणखी एक, आपण मुंबई गॉथिक म्हणून जे मिरवतो ते व्हीटी 1888 चं, राजाबाई टॉवर 1878 चा, हायकोर्टही त्याच सुमाराचं. हे चर्च त्या सगळ्यांच्या वीस वर्षं आधीचं. फोर्टातलं सेंट थॉमस कितीतरी जुनं, 1718 चं, पण ते मुळात या पद्धतीचं नव्हतंच.

दगडाबद्दल दोन शब्द, कारण हे मी जवळ जाऊन बघितलं. बाहेरची भिंत पिवळसर झाक असलेल्या कुर्ल्याच्या दगडाची. कुर्ल्याला आता खाणीच्या जागी काय आहे ते तुम्हाला माहितीच आहे. हा दगड कडक, घडवायला त्रास देणारा, म्हणून मोठे चौकोनी तुकडे. कमानी, खांब, खिडक्यांच्या कडा जिथे कोरीव काम पाहिजे तिथे पोरबंदरचा दगड, फिकट, चुन्याच्या जातीचा, छिन्नीखाली लोण्यासारखा. पण त्याचं एक आहे, तो पाणी पितो. मुंबईचा पाऊस आणि तीन बाजूंना समुद्राची खारी हवा, दीडशेहून जास्त वर्षं. उत्तरेकडच्या एका खिडकीच्या कडेला मी बोटाने हळूच चाचपलं तर भुकटी बोटाला लागली, आणि तिला लागूनच असलेला कुर्ल्याचा दगड मात्र कालच घडवल्यासारखा, टाकीचे घाव अजून मोजता येतील. एकाच भिंतीत एक दगड झिजतोय आणि शेजारचा ढिम्म. मी हे पुतण्याला दाखवत होतो तेवढ्यात गाईडने हाक मारली की चला, ग्रुप फोटो.

मनोरा आणि त्यावरचा निमुळता सुळका 198 फूट. खेड्यात सुळका कशासाठी, तर चार मैलांवरच्या शेतातून कळावं गाव कुठेय. इथे शेतं नाहीत, इथे समुद्र, त्यामुळे बंदरात येणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून उपयोगी पडायचा. पण हा सुळका चर्चबरोबर झालेला नाही, पैसे संपले होते, तो पुरा झाला 10 जून 1865 ला आणि सगळ्याचा मिळून खर्च गेला 5 लाख 65 हजारांवर. त्यात साडेसात हजार दिले कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी, म्हणजे इंग्रज सैनिकांच्या चर्चच्या शेंड्याला एका पारशी शेठचे पैसे. आता 1865 चा जून म्हणजे काय वेळ होती ते आठवा. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा धो धो पैसा आला होता, शेअरचा सट्टा शिगेला, यादवी संपली आणि 1 जुलैला सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भलेभले बुडाले. सुळक्याचा शेवटचा दगड त्याच्या तीन आठवडे आधी चढला. महिनाभर उशीर झाला असता तर मला वाटतं अर्धवट मनोराच बघावा लागला असता आपल्याला.

आत सोडलं तेव्हा प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते, एका आजोबांनी उलट आम्हालाच "या, या" केलं. आत गेल्यावर पहिली जाणवते ती उंची, वर उघडं लाकडी छत. मग डोळे जमिनीकडे जातात, कारण फरशी. भौमितिक नक्षीच्या टाइल्स, इंग्लंडहून बोटीने आलेल्या, बटरफील्डच्या. हा विल्यम बटरफील्ड त्या केंब्रिजवाल्या मंडळींचा लाडका आर्किटेक्ट. लाल, काळा, पिवळट, सगळे मातीचे रंग, चकाकी नाही. मधल्या वाटेवर त्या पायांनी घासून मऊ झाल्यात आणि बाकांखाली मात्र रंग ताजे आहेत, खाली वाकून बघा, फरक कळतो. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. सकाळी पूर्वेची काच बघायची, संध्याकाळी पश्चिमेची, एका फेरीत दोन्ही नीट बघायला मिळत नाहीत. गाईडने सगळ्यांना पश्चिमेच्या काचेखाली उभं करून फोटो काढले, सकाळी दहाला. काचेमागे उजेडच नाही, फोटोत काच नुसती काळी.

आणि मग ती भिंत. चान्सेलमध्ये जे लिहिलंय त्याचा मतलब असा, की ज्या अधिकाऱ्यांची नावं इथे भिंतीवर आहेत त्यांच्या, आणि जे नॉन कमिशन्ड अधिकारी आणि साधे शिपाई इतके जास्त होते की त्यांची नावं नोंदवता येत नाहीत त्यांच्या स्मरणार्थ. तलवारीने किंवा आजाराने मेलेले. मी तिथे बराच वेळ उभा होतो. इतके जास्त होते म्हणून नावं नाहीत. त्या वेळच्या मुंबई लष्करात कोकणातले, घाटावरचे, मराठे, महार, किती तरी होते. रत्नागिरीतून निघून अफगाणिस्तानच्या वाटेवरच्या बोलन खिंडीपर्यंत गेलेला माणूस कुठे मेला ते घरी कळलं तरी असेल का? त्याच्या नावावर कोकणात एखादी पणती लागत असेल किंवा नसेल, इथे तरी काही नाही. पुतण्या म्हणाला, काका, भिंत तर भरपूर मोकळी आहे. यावर गाईडकडे काही नव्हतं, तो पुढे सरकला, आणि मला वाटतं वॉकचा सगळ्यात मोठा दोष हाच, काबूलच्या बर्फावर पंधरा मिनिटं आणि या ओळीवर एकही नाही.

घंटा ऐकायला मिळाल्या नाहीत, वॉकच्या पानावर "ऐतिहासिक घंटा" असं ठळक लिहिलंय तरी. मनोऱ्यात आठ आहेत, 1904 मध्ये इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर यांच्या कारखान्यातून आलेल्या. इंग्लिश खेड्यात घंटा म्हणजे नुसता टण टण नाही, आठ माणसं आठ दोर धरतात आणि घंटांचा क्रम दरवेळी बदलत नेतात, एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. आठ घंटांचे एकूण क्रम होतात 40,320. त्याच लफबरोच्या कारखान्यात 1963 ला आठ जणांनी ते सगळे सलग वाजवून दाखवले होते, जवळपास अठरा तास लागले, ना जेवण ना बदली माणूस. ढोलताशा पथकवाल्यांनी ऐकून ठेवा.

आज हे चर्च चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, 1970 ला अँग्लिकन आणि इतर काही पंथ एकत्र आले तेव्हापासून. वस्ती असलेलं, चालू चर्च आहे, म्युझियम नाही, हे वॉकवाल्यांनी सुरुवातीलाच ग्रुपला सांगितलं असतं तर मावशींना बोलायची वेळ आली नसती.

आता आपले आपण जायचं कसं ते. कॉजवेने सरळ खाली, नेव्ही नगरच्या दिशेने, कॅप्टन प्रकाश पेठे मार्गावर. बेस्टचा स्टॉपच अफगाण चर्च नावाने आहे, कंडक्टरला सांगितलं की उतरवतो. मेट्रो आता कफ परेडपर्यंत आलीय, तिथून टॅक्सी करा, दुपारच्या उन्हात पायी जाऊ नका. सेंट्रलवाल्यांनी रविवारी मेगाब्लॉक बघूनच निघा, मी डोंबिवलीहून निघालो तो वॉकच्या वेळेत कसाबसा पोचलो. तसाही रविवार नकोच, आठवड्यात सकाळी जा, आणि आत जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. पुढे नेव्हीचा एरिया आहे, मोबाइल उगाच इकडेतिकडे रोखू नका, पहारेकरी हटकतात आणि त्यांचं बरोबरच आहे. छोटी दुर्बीण असेल तर घ्या, छताचं लाकूड आणि काचांची वरची टोकं नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर हेडफोन चालला नाही आणि घंटा नाहीत म्हणून मी मेल टाकला होता, पुढच्या वॉकवर दोनशेची सूट असं उत्तर आलं. पुढचा वॉक बाणगंगेचा आहे. सूट पुतण्याला देऊन टाकली, त्याला बनमस्का आवडतो.